टाकलेल्या चौकटी : चित्रपटसंकलनाचे अध्यापन आणि समीक्षेची दृष्टी

१

ग्रंथावर होणारी आणि चित्रपटावर होणारी क्रिया या दोहोंसाठी इंग्रजीत 'एडिटिंग' हा एकच शब्द आहे. मराठीने त्यांना वेगळी नावे दिली. ग्रंथाचे होते ते संपादन, चित्रपटाचे होते ते संकलन. फ्रेंच आणि रशियन परंपरेत रूढ असलेल्या 'मोंताज' या शब्दाचा मूळ अर्थ जुळणी किंवा उभारणी असा आहे. इंग्रजी बोलणारा तंत्रज्ञ 'कट' म्हणतो खरा, पण त्यालाही अभिप्रेत असतो तो दोन शॉट्समधला सांधाच. जुळणी, संकलन, सांधा या तिन्ही कल्पनांचे लक्ष पडद्यावर शेवटी जे उरते त्याकडे आहे. जे उरले नाही त्याला या परिभाषेत स्थान नाही.

प्रत्यक्ष व्यवसायात मात्र न उरलेल्याचे प्रमाण उरलेल्याच्या कितीतरी पट असते. 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) या चित्रपटासाठी साडेबारा लाख फुटांहून अधिक फिल्म चित्रित झाली होती आणि पडद्यावर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे पंचाण्णव मिनिटे वगळली गेली, असा हिशेब त्याच्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्च यांनी मांडला आहे. हे उदाहरण टोकाचे आहे. पण प्रमाण लहान केले तरी मूळ स्थिती बदलत नाही. समीक्षक ज्या संहितेचे वाचन करतो ती एका फार मोठ्या संचयातून निवडलेली असते आणि तो संचय त्याला कधीच दिसत नाही. म्हणूनच 'संकलन प्रभावी आहे', 'संकलन सैल आहे' यांसारखी विधाने समीक्षेत वारंवार आढळत असली तरी त्यांचा आधार बहुधा डळमळीत असतो. सैल वाटणारा प्रसंग संकलकाच्या अकुशलतेमुळे सैल झाला, की उपलब्ध सामग्रीतून जे शक्य होते त्यातला तोच सर्वांत घट्ट पर्याय होता, हे तयार चित्रपटावरून सांगता येत नाही.

वगळलेले आणि स्वीकारलेले दोन्ही एकाच वेळी अनेकांच्या डोळ्यांसमोर असतात अशी जागा एकच आहे, ती म्हणजे संकलन शिकवण्याचा वर्ग. संकलनविषयक सिद्धान्ताची बरीचशी मौलिक मांडणी या वर्गातच जन्मली आहे. ही गोष्ट केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून बाजूला सारली गेल्यामुळे त्या सिद्धान्ताचे आकलन काही अंशी चुकीच्या दिशेने गेले, असे दाखवता येते.

२

लेव्ह कुलेशोव्ह यांचे नाव ज्या प्रयोगाशी कायमचे जोडले गेले, तो सर्वपरिचित आहे. इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या भावहीन चेहऱ्याचा एकच शॉट तीन वेगवेगळ्या शॉट्सना जोडला गेला. पुदोव्किन यांच्या कथनानुसार ते तीन शॉट्स असे : सूपची बशी, शवपेटीतील स्त्री आणि खेळणाऱ्या मुलीचे दृश्य. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर तीन वेगळे भाव दिसले आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची प्रशंसा केली. या प्रयोगाची मूळ फिल्म उपलब्ध नाही, आणि कुलेशोव्ह यांच्या व पुदोव्किन यांच्या कथनांत तपशिलांची तफावत आहे. तरीही शॉटचा अर्थ शॉटमध्ये नसून शेजारात असतो, या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून हा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून अखंड उद्धृत होत राहिला.

हा प्रयोग कोणासाठी होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मॉस्कोची राज्य चित्रपटशाळा १९१९ साली स्थापन झाली. यादवी युद्धाच्या त्या काळात कोऱ्या फिल्मचा तीव्र तुटवडा होता. कुलेशोव्ह यांच्या कार्यशाळेतील विद्यार्थी फिल्मविना 'चित्रपट' करीत. चित्रीकरणाची कल्पना करून बसवलेले छोटे प्रसंग ते प्रेक्षकांसमोर सादर करीत. ग्रिफिथ यांच्या 'इन्टॉलरन्स'सारख्या (१९१६) दुसऱ्यांनी केलेल्या चित्रपटांची रचना उलगडून पाहणे हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. नवे चित्रण शक्य नसेल तर असलेल्याच तुकड्यांची नवी जुळणी करणे हाच अभ्यास उरतो. अशा परिस्थितीत जुळणी हेच चित्रपटकलेचे सारसर्वस्व ठरावे, यात नवल नाही. टंचाईने वर्गाला एक अभ्यासपद्धती दिली आणि तिलाच पुढे सिद्धान्ताचे रूप आले.

या पद्धतीचे तार्किक स्वरूप पाहिले की आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. एक घटक स्थिर ठेवायचा, दुसरा बदलत न्यायचा आणि अर्थात कोणता पालट होतो ते पाहायचे, ही संरचनावादी भाषाविज्ञानातील विनिमय-चाचणीच आहे. 'काळ' आणि 'गाळ' या शब्दांत एकच ध्वनी बदलला की अर्थ बदलतो, म्हणून 'क' आणि 'ग' हे मराठीचे भिन्न वर्णिम ठरतात. त्याच रीतीने बशीच्या जागी शवपेटी ठेवली की चेहरा बदलतो. मात्र भुकेला चेहरा पाहणाऱ्या प्रेक्षकाला शोकमग्न चेहरा ठाऊक नसतो. तीन जोडांपैकी एकच जोड पाहणाऱ्याला प्रयोग दिसतच नाही, दिसतो तो केवळ एक भुकेला माणूस. प्रयोगाचा परिणाम प्रेक्षकावर होतो, पण त्याचा अर्थ केवळ तिन्ही जोड शेजारी ठेवून पाहणाऱ्यालाच, म्हणजे विद्यार्थ्यालाच, कळतो. तेव्हा कुलेशोव्ह-परिणाम हा प्रेक्षकाच्या मानसशास्त्राविषयीचा निष्कर्ष असण्याआधी संकलकाच्या शिक्षणाचा पहिला पाठ आहे. तो पाठ असा की प्रत्येक जोड अन्य शक्य जोडांच्या तुलनेतच समजतो.

३

चित्रपटाच्या चिन्हमीमांसेने नेमका हाच पाठ वगळला. ख्रिस्तियान मेत्झ यांनी १९६४ साली चित्रपट ही भाषाव्यवस्था नसलेली भाषा आहे, असे प्रतिपादन केले. सोस्यूरच्या परंपरेत चिन्हाला मूल्य दोन प्रकारच्या संबंधांनी मिळते. वाक्यात त्याच्या आगेमागे येणाऱ्या चिन्हांशी असतो तो विन्यासक्रमी संबंध, आणि त्याच्या जागी येऊ शकली असती पण आली नाहीत अशा चिन्हांशी असतो तो गणक्रमी संबंध. मेत्झ यांच्या मते शॉटच्या बाबतीत हा गण जवळपास अमर्याद आहे. एखाद्या शॉटच्या जागी दुसरे कोणते शॉट येऊ शकले असते याची मोजदाद होऊ शकत नाही, म्हणून शॉटला अनुपस्थितांच्या विरोधातून मिळणारे मूल्य क्षीण असते आणि अर्थाचा भार विन्यासावर पडतो. पुढे त्यांनी कथात्म चित्रपटातील खंडांचे आठ प्रकार सांगणारी जी विन्यासव्यवस्था मांडली, तिचा पाया हाच आहे.

प्रेक्षकाच्या खुर्चीवरून पाहिले तर हे प्रतिपादन निर्दोष आहे. संकलनाच्या मेजावरून पाहिले तर ते टिकत नाही. तेथे गण अमर्याद नसतो, तो मोजलेला असतो. एका प्रसंगाचे चार कोनांतून चित्रण झाले, प्रत्येक कोनाचे तीन-चार टेक घेतले गेले, की त्या प्रसंगाचा गण पूर्ण झाला. फिल्मच्या काठावर ठरावीक अंतराने क्रमांक छापलेले असतात. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. कोणता तुकडा कोणत्या टेकचा आणि त्याची किती लांबी शिल्लक आहे, याची नोंद साहाय्यक ठेवतो. कापलेले तुकडे कापडी अस्तराच्या पेटीवर आकड्यांना लटकत असतात. भाषेतील गण हा बोलणाऱ्याच्या स्मृतीत असतो, संकलकाचा गण त्याच्या हाताशी लोंबकळत असतो. अनुपस्थित चिन्हांची इतकी मूर्त उपस्थिती क्वचितच अन्य कलेत असेल.

वर्गातील सर्वांत जुना आणि आजही प्रचलित असलेला सराव याच मूर्ततेवर उभा आहे. सर्व विद्यार्थ्यांना एकाच प्रसंगाचे सारखेच रशेस दिले जातात. 'गनस्मोक' या दूरचित्रवाणी मालिकेचे असे रशेस अमेरिकेतील चित्रपटशाळांत दीर्घकाळ वापरले गेले. उदाहरणादाखल एक साधा प्रसंग कल्पावा. दोन व्यक्ती मेजाशी बसल्या आहेत आणि एक दुसरीला मृत्यूची वार्ता सांगते आहे. एक विद्यार्थी वाक्य पूर्ण झाल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. तेथे वार्ता सांगितली जाते आणि मग तिचा परिणाम दाखवला जातो. दुसरा विद्यार्थी निर्णायक शब्दापूर्वी आठ चौकटी, म्हणजे सेकंदाचा एक तृतीयांश भाग, आधीच ऐकणाऱ्याकडे वळतो. तेथे ऐकणाऱ्याने वार्ता शब्दांआधीच ओळखली आहे. तिसरा बोलणाऱ्यावरून हलतच नाही. तेथे ऐकणाऱ्याचे दुःख प्रेक्षकाला स्वतः कल्पावे लागते. सलगतेच्या नियमांनी पाहता तिन्ही संकलने निर्दोष आहेत. व्याकरण तिघांनाही उत्तीर्ण करते. शिक्षकाचे खरे काम व्याकरण संपते तेथे सुरू होते. 'हे चुकले' असे म्हणण्यासारखे काही नसताना 'येथेच का' हा प्रश्न विचारणे हे ते काम होय. उत्तर प्रसंगात सापडत नाही. ते आधीच्या आणि नंतरच्या प्रसंगांत, हा चित्रपट कोणाचा आहे या जाणिवेत शोधावे लागते. शिवाय उरलेल्या दोघांची संकलने समोर असल्याखेरीज पहिल्याला आपण निवड केली होती हेच उमगत नाही. त्याला वाटते, आपण केवळ शॉट जोडले.

४

आयझेनस्टाइन यांच्या अध्यापनाकडे या दृष्टीने पाहिले तर मोंताज आणि दीर्घ शॉट यांच्यातील बहुचर्चित वादाचे स्वरूपही पालटते. १९३०च्या दशकात मॉस्कोच्या चित्रपटसंस्थेत त्यांनी घेतलेल्या पाठांच्या नोंदी त्यांचे विद्यार्थी व्लादिमिर निझ्नी यांनी ग्रंथरूपाने ठेवल्या आहेत. हैतीच्या स्वातंत्र्यलढ्यातील देसालीन हा फ्रेंचांनी मेजवानीच्या मिषाने रचलेल्या सापळ्यातून निसटतो, हा प्रसंग संपूर्ण वर्गाने मिळून टप्प्याटप्प्याने रचला. प्रत्येक सूचना मांडायची, तिच्यावर आक्षेप घ्यायचे, ती टाकायची किंवा राखायची, आणि राखली तर का हे सांगायचे. निझ्नी यांच्या ग्रंथाचे मोल अंतिम आराखड्यात नाही, ते टाकलेल्या सूचनांच्या नोंदीत आहे.

अधिक लक्षणीय आहे तो दुसरा पाठ. 'गुन्हा आणि शिक्षा'मधील रास्कोलनिकोव्ह सावकार म्हातारीचा खून करतो, हा प्रसंग आयझेनस्टाइन यांनी विद्यार्थ्यांना एकाच शॉटमध्ये, एकही जोड न करता, रचण्यास सांगितला. मोंताजचा अग्रणी सिद्धान्तकार वर्गात जोडालाच बंदी घालतो, यातील विसंगती वरवरची आहे. जोड नाकारल्यावर विद्यार्थ्याला प्रत्येक क्षणी जाणवते की येथे जोड असता. पात्राने कॅमेऱ्याकडे टाकलेले एक पाऊल हे न केलेल्या क्लोज-अपचे काम करते. न केलेला जोड दिसू लागणे हेच येथे शिक्षण आहे.

आंद्रे बाझँ यांनी काही प्रसंगी मोंताज निषिद्ध मानला. ज्या घटनेचे मर्म दोन घटकांच्या एकत्र उपस्थितीत आहे, तेथे ती उपस्थिती एकाच चौकटीत दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अभ्यासक या दोन भूमिकांना वास्तवाविषयीच्या दोन विरोधी तत्त्वज्ञानांचे रूप देतात आणि ते पूर्णतः अयोग्य नाही. परंतु आयझेनस्टाइन यांचा एका शॉटचा पाठ पाहता हा विरोध वर्गात विरघळतो, असे दिसते. जोडणे आणि न जोडणे हे एकाच गणातील दोन पर्याय आहेत, दोन पंथ नव्हेत.

५

भारतात या अध्यापनाला संस्थात्मक रूप आले ते पुण्यात. प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली चित्रपटसंस्था स्थापन झाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि अभिजात चित्रपट पुनःपुन्हा पाहून अभ्यासणे विद्यार्थ्यांना शक्य झाले. १९६०च्या दशकाच्या मध्यास ऋत्विक घटक येथे अध्यापन करीत होते. काळ थोडका होता, पण मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. घटकांच्या 'मेघे ढाका तारा'मध्ये (१९६०) गाण्याच्या भरात चाबकाच्या फटकाऱ्याचा ध्वनी येतो. दृश्यात त्याला कोणताही आधार नाही. तो जोड दृश्य आणि ध्वनी यांच्यामधला, प्रेक्षकावर आघात करणारा आहे. मणी कौल यांचा 'उसकी रोटी' (१९७०) मात्र असा आघात जाणीवपूर्वक टाळतो. बसथांब्यावर भाकरी घेऊन वाट पाहणाऱ्या बालोचा काळ तेथे घटनेने मोजला जात नाही, शॉटच्या लांबीने मोजला जातो. शिष्याचा चित्रपट गुरूच्या चित्रपटासारखा दिसत नाही. गुरूकडून नियम किंवा शैली संक्रमित झाली असती तर साम्य दिसले असते. संक्रमित झाली ती प्रत्येक जोड हा विचार असून त्याचे उत्तरदायित्व घ्यावे लागते, ही जाण. तिची फलिते व्यक्तिगणिक भिन्नच असणार.

संकलनाच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या रेणू सलुजा यांचे कार्य हाच मुद्दा दुसऱ्या अंगाने स्पष्ट करते. १९८३ या एकाच वर्षाचे 'जाने भी दो यारों' आणि 'अर्धसत्य' हे दोन्ही चित्रपट त्यांनी संकलित केले. पहिल्यातील महाभारताच्या नाट्यप्रयोगाच्या प्रसंगात द्रौपदीच्या वेषातील प्रेत कोण कोणाकडून कुठे ओढतो आहे, हे गोंधळाच्या शिगेलाही प्रेक्षकाला कळावे लागते. दिशेचे भान सुटले की प्रहसन कोसळते. दुसऱ्यात अनंत वेलणकर या पोलीस अधिकाऱ्याचा दाबलेला संताप साठत जाण्यास अवधी द्यावा लागतो. दोहोंतून एका संकलकाची 'शैली' शोधू पाहणाऱ्या समीक्षकाच्या हाती फारसे काही लागत नाही. कर्तृत्वाची ओळख स्वाक्षरीवरून करण्याची सवय लागलेल्या समीक्षेला संकलक अदृश्य वाटतो, तो यामुळे. सामग्रीला दिलेला प्रतिसाद हे ज्याचे कर्तृत्व आहे, त्याचे मूल्यमापन सामग्री वगळून करता येत नाही.

६

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. संहिता स्वायत्त मानणारी समीक्षा म्हणेल की, वगळलेल्या सामग्रीकडे जाणे म्हणजे निर्मात्याच्या हेतूकडे मागल्या दाराने परतणे होय. आक्षेप गंभीर आहे, पण तो हेतू आणि पाठभेद यांत गल्लत करतो. पुण्यात चित्रपटसंस्था ज्या रस्त्यावर आहे, त्याच परिसरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. वि. स. सुखटणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि संपूर्ण आवृत्ती १९६६ साली. तिच्या प्रत्येक पृष्ठावर वर स्वीकृत पाठ आणि खाली अस्वीकृत पाठभेद आहेत. त्या पाठभेदांतून व्यासांचा हेतू शोधण्याचा आग्रह कोणी धरत नाही. त्यांच्यामुळे स्वीकृत पाठ हा एक निर्णय आहे हे दिसते आणि म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. संपादनाने निर्णयाची साक्ष पृष्ठाच्या तळाशी जपली; संकलनाची तशी साक्ष बहुधा वर्गाबाहेर जपली गेली नाही.

संगणकीय संकलनाच्या काळात ही उणीव आपोआप भरून निघेल, असे वरकरणी वाटते. आता काहीच कापले जात नाही. प्रत्येक टेक आणि प्रत्येक पूर्वरूप साठवता येते. पण साठवणे आणि सामोरे जाणे यांत अंतर आहे. फिल्मची सलग गुंडाळी यंत्रावर मागेपुढे फिरवताना हव्या असलेल्या शॉटपर्यंत पोहोचण्यासाठी नको असलेल्या शॉट्समधून जावे लागे आणि त्या अनाहूत भेटीतच कित्येकदा अधिक चांगला पर्याय सापडे. संगणक मात्र मागितले तेवढेच तत्काळ आणून देतो, असे निरीक्षण मर्च यांनी नोंदवले आहे. १९९६ सालच्या 'द इंग्लिश पेशंट'च्या संगणकीय संकलनासाठी ऑस्कर मिळवणाऱ्याचे हे निरीक्षण असल्यामुळे ते जुन्याच्या मोहातून आलेले म्हणून सोडून देता येत नाही. पूर्वी टंचाईमुळे विद्यार्थ्याला कापण्यापूर्वी थांबावे लागे. आता त्याला कोणतीच गोष्ट थांबवत नाही. निर्णय केव्हाही फिरवता येतो म्हणून तो घेतलाच जात नाही, ही आजच्या वर्गातील खरी अडचण आहे.

मर्च यांनीच दिलेली प्रसिद्ध सहा निकषांची यादी या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. चांगल्या जोडाच्या गुणांपैकी भावनेला त्यांनी ५१, कथेला २३, लयीला १०, नजरेच्या प्रवासाला ७, पडद्याच्या द्विमितीय रचनेला ५ आणि अवकाशाच्या त्रिमितीय सलगतेला ४ टक्के दिले. शाळेत जी सलगता सर्वांत आधी शिकवली जाते ती येथे शेवटी आहे. अनेकजण या यादीला जोड सिद्ध करण्याचे सूत्र समजतात. वस्तुतः सर्व गुण एकत्र साधत नसतील तर काय आधी सोडावे आणि काय अखेरपर्यंत सोडू नये, याचा तो क्रम आहे; सोडायचे ते खालून वर. ही त्यागाची यादी आहे. ज्या ग्रंथात ती आली तो मुळात एका व्याख्यानातून सिद्ध झाला. पुदोव्किन यांचे कथन, निझ्नी यांच्या नोंदी आणि मर्च यांचे व्याख्यान या तिन्हींमागे समोर बसून ऐकणारा श्रोता आहे. काय टाकावे हे त्याला सांगावे लागले, म्हणूनच ते लिहिले गेले.

संकलनाच्या समीक्षेला आपली परिभाषा सार्थ करावयाची असेल, तर तिला या वर्गाची शिस्त पत्करावी लागेल. वगळलेली सामग्री प्रत्येक वेळी उपलब्ध होणार नाही. पण जोडासमोर थांबून येथे आणखी काय शक्य होते असा प्रश्न विचारणे, पर्याय कल्पून पाहणे आणि मगच समोरच्या निवडीविषयी बोलणे, एवढे समीक्षकाच्या हाती आहे. कुलेशोव्ह यांचे विद्यार्थी फिल्म नसतानाही एवढे करीत होते.